जो काढेल त्याच्या खिशात

बाबा एकदा घराचा फ्यूज खिशात घालून कामावर निघून गेले होते. स्वयंपाकघरातलं एक बटण ठिणग्या टाकायला लागलं, म्हणून त्यांनी मुख्य फ्यूज काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पेचकस हातात घेतला. तेवढ्यात अग्निशमन केंद्रातून फोन आला. कुठलं तरी गोदाम पेटलं होतं. बाबा तसेच गेले. संध्याकाळी परतले तेव्हा दूध नासलं होतं, फ्रीजखाली पाण्याचं तळं झालं होतं आणि आई दारातच उभी होती.

“लोकांच्या आगी विझवता,” ती म्हणाली, “आणि घरचा दिवाही सोडत नाही.”

बाबांनी खिसा चाचपला. चेहरा पडला आणि लगेच खुलला. “पण दुसरा फ्यूज कोणी लावला नाही ना? म्हणजे नियम पाळला गेला.”

ही गोष्ट आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. आता सांगत नाही.

नियम बाबांचा स्वतःचा होता. वीज ज्याने तोडली, तोडलेलं टोक त्याच्याच खिशात. टेबलावर नाही, गाडीच्या टपावर नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. काम संपेपर्यंत ते त्याच्या अंगावर राहणार, म्हणजे मागून कोणी शहाणा येऊन ते परत बसवू शकत नाही. हायब्रिड गाड्या रस्त्यावर आल्या तसा हा नियम त्यांनी आपल्या तुकडीत आणला. साधी गाडी चालू असली की घुरघुरते, थरथरते, आपण जिवंत असल्याचं सांगते. हायब्रिड चालू असूनही दगडासारखी गप्प बसू शकते. इंजिन बंद, पण पोटात शेकडो व्होल्टची बॅटरी जागी, आणि तिच्यापासून पुढे नारिंगी तारा. गप्प म्हणजे बंद नव्हे, हे बाबा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. आधी चावी गाडीपासून लांब न्यायची. नुसती खिशात घेऊन जवळ उभं राहिलं तरी काही गाड्या जाग्या राहतात. मग जाड रबरी हातमोजे घालून डिकीचा तळ उचलायचा आणि मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग ओढून काढायचा. मुठीत मावेल एवढा, नारिंगी दांडीचा. काढणाऱ्याने तो डोक्यावर धरून ‘निघाला’ म्हणायचं. तुकडीतल्या प्रत्येकाने त्याकडे बघून ‘पाहिला’ म्हणायचं. मग प्लग खिशात, आणि तारांमधली उरलीसुरली वीज मरेपर्यंत सगळ्यांनी हात बांधून उभं राहायचं. तुकडीतले लोक याला शाळेतली हजेरी म्हणत आणि बाबांना उस्ताद म्हणत. टिंगल करत, पण हजेरी देत.

बाबांचे असे नियम ऐकत त्यांची मुलगी मोठी झाली. तिचं स्वतःचं काम कानांचं. दवाखान्यात तिची एक खोली होती, जाड भिंतींची, एका बाजूला काच असलेली, बाहेरचा आवाज आत न शिरणारी. आत माणूस बसायचा, बाहेरून ती त्याच्या कानात जाड-बारीक सूर सोडायची आणि ऐकू आलं की तो बोट वर करायचा. बाबांचे कान तिनेच तपासले होते. सायरनशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे असतात तसेच निघाले. बोलणं ऐकू येई, फार बारीक सूर येत नसत. “तुझ्या आईचं सगळं ऐकू येतं,” ते बाहेर येऊन म्हणाले होते, “मशीन बिघडलंय.”

ते गेले ते भर दुपारी. एका शीतगृहामागच्या गल्लीत एक हायब्रिड गाडी माल चढवायच्या ओट्यावर आदळून हातभर मागे आली होती. आत एक बाई अडकली होती. तुकडीने दार कापलं, बाई जिवंत निघाली, रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. कटरची एक नळी बंपर आणि ओटा यांच्यामध्ये गुंतली होती. ती सोडवायला बाबा पुढे जाऊन गुडघ्यांवर बसले. गल्लीला उतार मागच्या बाजूला होता, म्हणून लाकडी ठोकळे चाकांच्या मागे लावलेले. पुढे दगडी ओटा. चढाच्या दिशेला ठोकळे कोण लावतो?

गाडी चढावर वीतभर पुढे सरकली आणि थांबली. आवाज झाला नाही.

चौकशी झाली. प्लग डिकीत होता, आपल्या जागी, खटका लावून घट्ट बसलेला. बाबांचा खिसा रिकामा होता. चौकशीचा निष्कर्ष एका वाक्याचा: प्लग काढलाच नव्हता.

तुकडीतल्या सगळ्यांनी त्या दिवशी ‘पाहिला’ म्हटलं होतं. चौकशीत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला. काढला होता, तर परत बसवला कोणी? त्या वेळी डिकीजवळ कोण होतं? मग एकेक जण आपल्याच आठवणीतून मागे सरकत गेला. गडबड होती. बाई ओरडत होती. नीट दिसलं नाही. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, आणि जिवंत माणसाला नोकरी असते.

ती केंद्रप्रमुखांना भेटायला गेली. सगळे त्यांना साहेब म्हणत. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांचा तक्ता, आणि काचेवर त्यांची स्वच्छ, कापलेल्या नखांची बोटं.

“ताई, दोनच गोष्टी शक्य आहेत,” साहेब म्हणाले. “एक तर त्यांनी प्लग काढला नाही. नाही तर माझ्या एखाद्या माणसाने तो परत बसवला, म्हणजे त्यांना मारलं. तुम्हाला दुसरी हवी आहे का?”

“मला खरी हवी आहे.”

“खरी पहिलीच आहे. वय होतं, चूक होते. त्यात कान. तुमच्याच तपासणीत आलं होतं ना, बारीक आवाज ऐकू येत नाहीत म्हणून? गाडी चालू आहे हे त्यांना कळलं नाही.”

“गाडीला आवाजच नव्हता, साहेब. तो ऐकायला कोणते कान लागतात?”

साहेबांनी पेनला टोपण लावलं. “चहा घेणार?”

तिला राग आला की रडू येत नसे. राग जबड्यात जाऊन बसे आणि कानाखाली ठणकत राही. त्या दिवशी घरी जाईपर्यंत तिला तोंड उघडता येईना.

पुढच्या महिन्यात साहेबांचाच फोन आला. उस्तादांच्या नावाने प्रशिक्षण ठेवलं आहे, नवीन भरतीच्या जवानांसाठी. घरच्यांनी यावं. शिकवायचं ते त्याच गाडीवर, कारण चूक नेमकी कुठे झाली हे डोळ्यांनी दिसलं म्हणजे विसरत नाही. गाडी केंद्राच्या मागच्या आवारातच ठेवलेली होती.

“म्हणजे नाव त्यांचं आणि धडा त्यांच्या चुकीचा,” आई म्हणाली. ती भांडी पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती. “एका हाताने पाठ थोपटायची आणि दुसऱ्याने थोबाडीत द्यायची. मी येणार नाही. तू जा. आणि मागे बसू नकोस.”

ती पुढे बसायचं ठरवूनच होती. पण त्याआधी तिला घुम्याला गाठायचं होतं.

घुम्या म्हणजे बाबांचा उजवा हात. तो बोलायला लागला की तुकडीतले लोक घड्याळ बघत, इतकं ते दुर्मीळ. त्या दिवशी डिकीजवळ तोच होता. तो तिला मागच्या आवारात सापडला, नळ्या वाळवायच्या मनोऱ्याखाली. मनोऱ्यावरून ओल्या नळ्या लटकत होत्या आणि थेंब थेंब गळत होत्या. ओल्या कॅनव्हासचा आणि रबराचा वास येत होता. पलीकडे भिंतीला लागून ताडपत्रीखाली काहीतरी होतं. काय आहे ते तिला विचारावं लागलं नाही.

“काका, तुम्ही त्या दिवशी ‘पाहिला’ म्हणालात की नाही?”

घुम्या नळी गुंडाळत राहिला. “म्हणालो.”

“आणि चौकशीत?”

“डिकीजवळ मीच होतो, पोरी.”

“म्हणजे स्वतःला वाचवलंत.”

“हो.”

हे ‘हो’ इतकं सरळ आलं की तिने पुढचंही विचारून टाकलं. “परत तुम्ही बसवलात?”

घुम्याने नळी खाली ठेवली. “ये इकडे.”

त्याने ताडपत्री मागून उचलली. गाडी राखाडी रंगाची होती. एका बाजूचं दार नव्हतं, नाक आत गेलेलं. त्याने हातमोजे चढवले, डिकी उघडली, तळाचा पत्रा बाजूला केला. नारिंगी दांडी आपल्या जागी होती. त्याने खटका सोडवून प्लग ओढला आणि तिच्यासमोर धरला.

“हा मी काल काढला. माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आज सकाळी इथे. परवा काढला होता, त्याच्या आधीही. मोजायचं सोडून दिलं. गाडी जागी करणारी छोटी बॅटरी तर केव्हाच काढलीय, ती वर्कशॉपच्या फळीवर पडलीय. गाडीत जीव असायचं काही कारण नाही.”

“कोणीतरी चेष्टा करतंय.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून घरी नेला, उशाशी ठेवला. बायको म्हणाली, गाडीचे भाग उशाशी घेऊन झोपणारा नवरा एवढा एकच बघायचा राहिला होता.” तो हसला नाही. “सकाळी उशाशी काही नव्हतं.”

तिच्या मनात आलं ते एवढंच, की हा माणूस खोटं बोलतोय. त्याच्याकडे दुसरा प्लग आहे. आपला गुन्हा झाकायला भुताटकी रचतोय, तीही इतकी कच्ची. तिने पर्समधून बारीक टोकाचं लाल पेन काढलं. कानाचे साचे घेताना उजव्या कानाला लाल खूण करतात आणि डाव्याला निळी, त्यासाठीचं, पाण्याने न जाणारं. दांडीच्या आतल्या बाजूला, बोटं जातात तिथे, तिने एक ठिपका काढला.

“हा मी नेते.”

“ने,” घुम्या म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. त्यामुळे ती आणखी चिडली.

दवाखान्यात पोचल्यावर तिने प्लग काचेच्या खोलीत नेऊन पेशंटच्या खुर्चीवर ठेवला. दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घेऊन बाहेर आपल्या टेबलाशी बसली. खोलीतला मायक्रोफोन चालू केला, हेडफोन कानाला लावले. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. काचेपलीकडे रिकाम्या खुर्चीवर ती नारिंगी वस्तू एखाद्या आज्ञाधारक पेशंटसारखी बसली होती. तिला स्वतःचंच हसू आलं.

हेडफोनमध्ये आधी काहीच नव्हतं. त्या खोलीत नसतंच. मग एक सूर आला. फार बारीक, फार वरचा, म्हातारे कान जिथे हार मानतात तिथला. एकसंध, न थरथरणारा. तिने मशीनकडे बघितलं. मशीनमधून सूर जात नव्हता. तिने चकती शून्यावर आणली. सूर होताच. तिने हेडफोनची वायर हलवून बघितली, परत मशीनकडे नजर टाकली, आणि सूर थांबला.

मान वर केली तर खुर्ची रिकामी होती.

तिने दार उघडलं. खुर्ची उलटी केली, गादीच्या शिवणी चाचपल्या, कार्पेटवर हात फिरवला. किल्ली सगळा वेळ तिच्या मुठीत होती. तळहातावर किल्लीचे दात उमटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुम्याने डिकी उघडली. प्लग जागेवर होता. त्याने तो ओढून काढला आणि दांडी तिच्याकडे वळवली. आतल्या बाजूला लाल ठिपका होता. तिने नखाने खरवडून बघितला. निघाला नाही.

“मी तुम्हाला खोटारडा समजले,” ती म्हणाली.

“मी आहेच की,” घुम्या म्हणाला. “फक्त याबाबतीत नाही.”

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्वतःच्या कानांनाही ते पटलं नसतं. म्हणाली, ती गाडी धोक्याची आहे, तिच्याभोवती माणसं उभी करू नका, ती कापून टाका.

“मी समजू शकतो, ताई. दुःखात माणसाला वस्तूंचाही राग येतो.”

“दुःख मी घरी करते, साहेब. इथे मी नुसती रागावलेली आहे. आणि वस्तूवर नाही.”

साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग उदार होऊन म्हणाले, “असं करू. प्लग मी स्वतः काढीन. सगळ्यांसमोर, तुमच्या वडिलांच्याच पद्धतीने. मग तर झालं?”

“काढल्यावर गाडीच्या पुढे उभे राहू नका. एवढं तरी कराल?”

“प्लग काढल्यावर?” साहेब हसले. “काढल्यावर ती लोखंडाची पेटी आहे. हेच तर शिकवायचंय.”

प्रशिक्षणाच्या दिवशी आवार झाडून स्वच्छ केलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. स्टुलावर बाबांचा फोटो होता, गणवेशातला, थोडा वाकडा ठेवलेला. तिने उठून तो सरळ केला. नव्या जवानांची रांग होती, जुनी तुकडी बाजूला हाताची घडी घालून उभी होती, कोणी तिच्या नजरेला नजर देत नव्हतं. गाडी ढकलत आणून मनोऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून लावली होती. भिंतीत आणि बंपरात माणूस आरामात उभा राहील एवढी जागा होती. चाकांना मागून ठोकळे लावले होते. पुढून नाही. पुढे भिंत होती.

साहेबांनी हातमोजे चढवले. डिकीत वाकले, ओढला, हात वर केला. नारिंगी दांडी उन्हात चमकली.

“निघाला.”

“पाहिला,” सगळे म्हणाले. नवे जवान, जुनी तुकडी, घुम्या. तीही म्हणाली. तिने डोळे फाडून पाहिला होता.

साहेबांनी प्लग शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशावर दोनदा थापटलं, सगळ्यांना दिसेल असं. ठरल्याप्रमाणे सगळे थोडा वेळ थांबले. मग साहेब गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि भिंतीला पाठ करून, बंपरवर एक हात ठेवून उभे राहिले.

“आता लक्ष द्या. चूक इथे झाली,” ते म्हणाले. “अनुभव खूप होता. धाडस खूप होतं. पण एक साधी गोष्ट राहिली. माणूस गृहीत धरतो. आणि गृहीत धरलेल्या गोष्टीची किंमत...”

सूर आला.

तोच. त्याच पट्टीत. तिने आजूबाजूला बघितलं. जुनी तुकडी सायरनच्या कानांची, त्यांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं. नव्या जवानांपैकी एकीने कानाशी हात नेला, डास वारावा तसा.

बिनदाराच्या बाजूने तिला डॅशबोर्ड दिसत होता. तिथे गाडी चालू असल्याचा हिरवा दिवा लागला होता.

साहेब बोलत होते. गृहीत, बेसावध, वय, कान.

तिला वेळ होता. हे तिला तेव्हाही कळत होतं. एक पूर्ण श्वास भरून होता, आणि तो श्वास तिने जबडा मिटून, त्यांच्याकडे बघत घेतला.

मग ती धावली. त्यांची बाही धरली आणि अंगातला सगळा राग घालून ओढली.

साहेब तिच्या अंगावर कोसळले. दोघं फरशीवर पडली.

गाडी पुढे सरकली. बंपर भिंतीला टेकला, थोडा चुरा खाली पडला, आणि ती थांबली.

मनोऱ्यावरच्या नळ्या गळत होत्या, तेवढाच आवाज.

साहेबांचा हात खिशाकडे गेला. खिशात बोटं घातली. बाहेर काढली. परत घातली.

घुम्याने डिकीत बघितलं. “आहे,” तो म्हणाला. “बसलेला आहे.”

ती उठली. कोपर सोललं होतं. “साहेब,” ती हळू आवाजात म्हणाली, “आता सांगा. दोनच गोष्टी शक्य आहेत. तुम्ही काढला नव्हता, की तुमच्या कोणा माणसाने परत बसवला?”

साहेबांनी रांगेकडे बघितलं. जुन्या तुकडीकडे बघितलं. स्टुलावरच्या फोटोकडे बघितलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज बैठकीतला होता.

“राहिला असेल,” ते म्हणाले. “काढायचा राहिला माझ्याकडून.”

ज्या माणसाला आताच गाडीने चिरडलं असतं, तो सगळ्या आवारासमोर स्वतःच्या माथी खोटी चूक मारून घेत होता. आणि ती घेताना त्याला हायसं वाटत होतं. ते बघून तिला पहिल्यांदा भीती वाटली, गाडीची नव्हे.

“तुम्ही सगळ्यांनी बघितलंय,” साहेब रांगेला म्हणाले. “मी प्लग काढला नव्हता. बरोबर?”

रांगेतून दोघा-तिघांनी मान हलवली. नोकरी नवी होती.

“काढला होता,” घुम्या म्हणाला.

कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

“तुम्ही काढला होता साहेब, आणि मी ‘पाहिला’ म्हणालो. उस्तादांनीही काढला होता, तेव्हाही मी ‘पाहिला’ म्हणालो. मग चौकशीत शेपूट घातलं. आता नाही घालणार. दोघांनीही काढला होता. काय लिहायचं ते लिहा.”

“मग परत कोणी बसवला?” साहेबांचा आवाज आता बैठकीतला राहिला नव्हता. “कोणी? सांग ना. तू?”

“तेच बघू या.”

घुम्याने हातमोजे चढवले. दोन जवानांना सांगून पुढच्या चाकांनाही ठोकळे ठोकून घेतले, सगळ्यांना भिंतीपासून लांब नेलं. डिकीत वाकला. ओढला. डोक्यावर धरला.

“निघाला.”

“पाहिला,” ती म्हणाली. तिच्यामागून जुन्या तुकडीतला एक म्हणाला, मग दुसरा, मग सगळे. नवे जवानही. एकटे साहेब बोलले नाहीत.

घुम्याने प्लग छातीच्या खिशात घातला. खिशाची पट्टी खाली ओढली, बटण काजातून पार नेऊन लावलं. हातमोजे काढून जमिनीवर टाकले. आवाराच्या मधोमध एकटा जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात अंगापासून दूर, आडवे पसरले.

“सगळ्यांनी या खिशाकडे बघायचं,” तो म्हणाला. “मान वळवायची नाही. पापणी लवली तरी चालेल, तोंड फिरवायचं नाही. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी तेच केलं.”

सगळे बघत उभे राहिले. गणवेशाचा निळा कपडा, त्यावरची पट्टी, पट्टीवरचं काळं बटण. आत दांडीचा उंचवटा. घुम्याच्या श्वासाबरोबर तो वर-खाली होत होता.

सूर आला. या वेळी तिने कोणाकडे बघितलं नाही.

बटण हललं. कपडा हलला नव्हता, वारा नव्हता, घुम्याचे हात आडवेच होते. बटण आधी थोडं तिरकं झालं. मग त्याची एक कड काजात शिरली. घाई नव्हती. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून जपून करावं, तसं चाललं होतं.

रांगेत कोणीतरी श्वास आत ओढला. जुन्या तुकडीतला एक जण रडत होता आणि डोळे पुसत नव्हता, कारण पुसायला हात मध्ये आणावा लागला असता.

सगळे बघत होते. तिला एवढंच हवं होतं, इतके दिवस, की बघावं आणि बघितलं म्हणावं. तिने एकदाच, साहेब बघताहेत ना याची खात्री करायला, बाजूला नजर टाकली.

साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत, लपाछपीत राज्य आलेल्या मुलासारखे.

“उघडा डोळे, साहेब,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. नाही.

तिच्या मागे काजातून बटण सुटल्याचा आवाज झाला. तो फार बारीक होता, पण तिला स्पष्ट ऐकू आला.